माळेगावचा बैल आणि परग्रहावरचा पाहुणा

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष संपत आला की तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर जनावरांचा मोठा बाजारही. घोडे, उंट, गाढवं, कुत्री असं सगळं असतं, पण या मुलखाचा अभिमान आहे तो लाल कंधारी आणि देवणी या दोन जातींचा. पहिली नांदेडच्या कंधारची, दुसरी लातूरच्या देवणीची. घेणारा आधी जबडा उघडून दात पाहतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग वशिंड, खांदा, शेपटी आणि शेवटी पाय.

या पायाजवळ आपण जरा जास्त वेळ थांबू. बैलाच्या पुढच्या पायात मध्यावर जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो. शरीररचनेच्या हिशेबात तो गुडघा नाही, ते बैलाचं मनगट आहे. कोपर त्याच्याही वर, छातीला चिकटलेलं असतं. मनगटाखालचं लांबलचक सरळ हाड म्हणजे आपल्या तळहातातली मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी असलेली दोन हाडं, एकमेकांना जुळून एक झालेली. खूर दुभंगलेला का? कारण ती दोन बोटांची दोन नखं आहेत. म्हणूनच नालबंदाला बैलाच्या एका पायाला दोन पत्र्या ठोकाव्या लागतात. घोडा एकाच बोटावर चालतो, त्याला एक नाल पुरते. खुराच्या मागे वर जी दोन छोटी खुरं लोंबत असतात, ती तर्जनी आणि करंगळी. अंगठा वाटेत कुठेतरी गळून गेला. मागच्या पायात जो सांधा उलटा वळल्यासारखा वाटतो, ती टाच आहे. थोडक्यात, औताला जुंपलेला बैल आयुष्यभर बोटांच्या टोकांवर चालत असतो.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, भाग दोनच्या पहिल्याच धड्यात, हे चित्र आहे: माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, आणि चारही ठिकाणी हाडांची तीच मांडणी. लातूरच्या शिकवण्यांमध्ये या चित्रावरचा प्रश्न पोरं झोपेतही सोडवतील. त्या चित्रातून निघणारा एक मोठा निष्कर्ष मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही, आणि हे प्रकरण त्याच निष्कर्षाबद्दल आहे.

दोरी धरून उभा असलेला शेतकरी आणि त्याचा बैल यांचा समान पूर्वज साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. म्हणजे दोघं एकाच घराण्यातले. रक्त लाल, हृदयाला चार कप्पे, मानेत मणके सात, पिलांना दूध. इतकं सगळं समान असून रूपात केवढा फरक पडला! एकाच पृथ्वीवर, एकाच हवेत, एकाच सामानातून घडलेल्या दोन भावंडांची ही तऱ्हा असेल, तर ज्याचा आपल्याशी कोणताच पूर्वज सामाईक नाही, जो दुसऱ्या सूर्याखाली दुसऱ्याच कशापासून घडला, तो यानातून उतरताना दोन पायांवर चालत का यावा? त्याला नाक, दोन डोळे आणि हाताला पाच बोटं कशी असावीत?

पडद्यावर तर तो तसाच येतो. २०१४ च्या 'पीके'मधला पाहुणा राजस्थानच्या वाळूत उतरतो तेव्हा त्याच्यात आणि आमिर खानमध्ये केसाचाही फरक नसतो. २००३ मध्ये आलेल्या 'कोई... मिल गया'मधला जादू निळा आणि बुटका आहे, डोकं मोठं आहे, पण आराखडा आपलाच: एक धड, दोन हात, दोन पाय, पुढे चेहरा. १९६६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' सुरू झालं. त्यातल्या परग्रहवासीयांना कपाळावर रबराच्या घड्या आणि टोकदार कान लावले की काम भागत असे. याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नट माणसंच असतात आणि निर्मात्याकडे पैसे मोजके असतात. एवढ्यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. त्याच मालिकेतला स्पॉक मात्र पृथ्वीवरची आई आणि परग्रहावरचा बाप यांचा मुलगा आहे, आणि इथे आपल्याकडचा कोणताही गुराखी हसेल. गाय आणि म्हैस एका गोठ्यात, एका दावणीला, एकच कडबा खातात. त्यांच्या वाटा वेगळ्या होऊन भूशास्त्राच्या मानाने थोडाच काळ झाला आहे. तरी त्यांचा संकर होत नाही.

हा आक्षेप शास्त्रीय भाषेत आणि ठासून मांडला तो जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाने. अंतराळयुग नुकतंच सुरू झालं होतं आणि परग्रहावरच्या 'माणसां'बद्दल बरेच गंभीर लोकही सहज बोलत होते. १९६४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याने लेख लिहून सांगितलं की मानवसदृश प्राणी विश्वात इतरत्र सापडण्याची आशा धरू नये. त्याचा मुद्दा संख्येचा नव्हता. ग्रह कितीही असोत (आज सूर्याव्यतिरिक्त इतर ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांहून अधिक ग्रह नोंदले गेले आहेत), माणूस घडायला जी पावलं ओळीने पडावी लागली ती पुन्हा त्याच क्रमाने पडणार नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. एक पाऊल चुकलं की पुढचं सगळं बदलतं.

ही पावलं किती आडमुठी आणि योगायोगाची होती याचे पुरावे आपल्या अंगावरच आहेत. बोटं पाचच का? ग्रीनलंडमध्ये साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा अॅकँथोस्टेगा नावाचा प्राणी सापडला. मासा आणि चतुष्पाद यांच्या सीमेवरचा. त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती. त्या काळात कुणाला सात, कुणाला आठ असा सगळा प्रकार होता. पुढे पाच बोटांचा वंश टिकला आणि सरड्यापासून आपल्यापर्यंत सगळ्यांचा हिशेब पाचावर आला. आठवाला टिकला असता तर आपण कदाचित सोळाच्या पटीत मोजलं असतं.

किंवा ठसका घ्या. जेवताना बोललं की ठसका लागतो, कारण आपली श्वासनलिका आणि अन्ननलिका घशात एकमेकींना ओलांडून जातात. शहाण्या इंजिनिअरने असा रस्ता आखला नसता. माशांमध्ये हवेची पिशवी अन्ननलिकेला फुटली, तीच पुढे फुप्फुस झाली, आणि तेव्हाची जोडणी आपण अजून वागवतो आहोत. डोळ्याचंही तसंच. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढून मज्जातंतू जातात आणि ते बाहेर पडतात तिथे एक आंधळा ठिपका राहतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागून गेले आहेत, त्याला हा ठिपका नाही. हे दोष गरजेतून आलेले नाहीत, ते वारशाने आलेले आहेत. म्हणून परग्रहावरून आलेला कुणी आपल्या पंगतीला बसला आणि त्याला ठसका लागला, तर तो परग्रहावरचा नाही असं खुशाल समजावं.

सगळ्यात मोठा योगायोग तर नांदेड-लातूरकरांच्या पायाखाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि ज्या दख्खनच्या खडकाला आपण अढळ मानत होतो त्याच्याकडे भूशास्त्रज्ञ नव्याने पाहू लागले. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडण्यात आलं. वरचे ३३८ मीटर काळा बेसॉल्ट निघाला, थरावर थर. त्याखाली आठ मीटरचा गाळाचा पट्टा आणि मग एकदम अब्जावधी वर्षांपूर्वीचा मूळ पाषाण. पूर्वेकडे देगलूर-बिलोलीकडे गेलं की हा बेसॉल्ट संपतो आणि तोच जुना ग्रॅनाइट उघड्यावर येतो. म्हणजे नांदेड जिल्हा लाव्ह्याच्या या महापुराच्या काठावर वसला आहे.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत होता. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलुब इथे लघुग्रह आदळला. डायनासोर संपण्यात कुणाचा वाटा किती यावर वाद आहे, आणि माझ्या वाचनाप्रमाणे लघुग्रहाच्या बाजूचं पारडं जड आहे. पण इथल्या ज्वालामुखींनी हवेत ओकलेले वायूही काही निरुपद्रवी नव्हते. त्याआधी या भूमीवर राज्य कुणाचं होतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला दिसतं. तिथे अजस्र शाकाहारी डायनासोरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हा गवताचा इतिहासच मागे सरकला. आपले पूर्वज त्या वेळी उंदराएवढे, रात्री फिरणारे, लपून राहणारे प्राणी होते. ती आपत्ती आली नसती तर ते तसेच राहिले असते असं मानायला भरपूर जागा आहे. चिक्शुलुबचा तो धोंडा थोडा आधी किंवा नंतर आला असता, खोल समुद्रात पडला असता, तर माळेगावच्या यात्रेत बैलही नसता आणि त्याचे दात मोजणाराही नसता. परग्रहावर माणूस हवा असेल तर तिथेही योग्य वेळी, योग्य आकाराचा धोंडा पडायला हवा.

दुसरी बाजू दुबळी नाही. तिचा वकील सायमन कॉन्वे मॉरिस. गंमत अशी की कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकातले पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे विचित्र जीवाश्म त्याने तपासले, आणि त्याच्याच कामाच्या आधारे स्टीफन जे गूल्डने १९८९ मध्ये जगाला सांगितलं की जीवनाचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून चालवला तर माणूस येणार नाही. कॉन्वे मॉरिसने २००३ मधल्या आपल्या पुस्तकात उलट निष्कर्ष काढला: येईल, माणसासारखं काहीतरी येईलच. कारण निसर्गाकडे चांगली उत्तरं थोडी आहेत आणि वेगवेगळे वंश फिरून फिरून त्याच उत्तरांपाशी पोचतात. शार्क मासा, डॉल्फिन सस्तन, आणि नामशेष झालेला इक्थिओसॉर सरपटणारा. तिघांचा आकार जवळजवळ एक, कारण पाणी वेगाने कापायचं तर दुसरा आकार परवडत नाही. पंख चार वेळा स्वतंत्रपणे आले: कीटक, टेरोसॉर, पक्षी, वटवाघूळ. डोळे तर किमान चाळीस वेळा.

मला या बाजूचं अर्धं म्हणणं पटतं. उत्तरं पुन्हा येतात हे खरं. पण पंखांकडे नीट पाहिलं तर वटवाघळाचा पंख बोटांवर ताणलेला आहे, पक्ष्याचा पिसांचा आहे आणि कीटकाच्या पंखाचा तर हाडांशी काही संबंधच नाही. काम तेच, घडण निराळी.

याच विचाराची एक फजिती प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये डेल रसेल या कॅनडातल्या जीवाश्मशास्त्रज्ञाने विचार केला की डायनासोर मेले नसते आणि त्यांच्यातल्या मोठ्या मेंदूच्या ट्रूडॉनसारख्या जातीची बुद्धी वाढत गेली असती, तर आज तो कसा दिसला असता. त्याने मूर्तिकाराकडून पुतळाही करून घेतला. हिरवट कातडीचा, शेपटी नसलेला, ताठ उभा राहणारा, मोठ्या डोळ्यांचा पुतळा, म्हणजे अगदी सिनेमातला परग्रहवासी. सहकाऱ्यांनी लगेच विचारलं, की डायनासोर आधीच दोन पायांवर चालत होते, आडवी पाठ आणि मागे तोल सांभाळणारी शेपटी ही त्यांची पद्धत होती. ती मोडून तो माणसासारखा ताठ कशासाठी होईल? शिवाय हुशार डायनासोरची कल्पना करायची गरजच नव्हती. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत. न्यू कॅलेडोनियातला कावळा काडीचा आकडा करतो आणि खोडातली अळी ओढून काढतो. त्याचाच भाऊबंद नांदेडला गोदावरीच्या घाटावर पिंडाला शिवायचं की नाही हे ठरवत बसलेला असतो. बुद्धी आली, माणसाचं रूप आलं नाही.

ऑक्टोपस त्याहून दूरचा. त्याचा आणि आपला समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना, बहुधा एखादा साधा कृमी. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे पन्नास कोटी चेतापेशी आहेत आणि त्यातल्या दोनतृतीयांश हातांमध्ये. तो बाटलीचं झाकण उघडतो, माणसं ओळखतो. पृथ्वीवरच परग्रहवासी पाहायचा असेल तर तो इतका जवळ आहे.

मग परग्रहावरच्या जीवाबद्दल खात्रीने काहीच सांगता येणार नाही का? थोडं येतं, कारण भौतिकशास्त्र सगळीकडे तेच आहे. आकाराचंच घ्या. कंधारला राष्ट्रकूटकाळातल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. पावलं पाहूनच मूर्ती केवढी असेल याची कल्पना येते. अलौकिक दाखवायचं म्हणून शिल्पकाराने माणूसच घेतला आणि तो वाढवला. दगडात ते चालतं. हाडामांसाचा माणूस दहापट उंच केला तर त्याचं वजन हजारपट होईल, पण पायाच्या हाडाचा छेद शंभरपटच वाढेल. पहिल्याच पावलाला मांडी मोडेल. गॅलिलिओने हा हिशेब १६३८ मध्ये मांडला होता. म्हणून जड ग्रहावर बुटके, जाड पायांचे किंवा पुष्कळ पायांचे प्राणी असण्याची शक्यता जास्त.

चालणाऱ्या प्राण्याला पुढची बाजू असते, तोंड आणि डोळे त्या बाजूला असण्यात फायदा असतो, आणि मेंदू डोळ्यांजवळ असला की निरोप लवकर पोचतो. तेव्हा डोकं शक्य आहे. डावी-उजवी बाजू सारखी असणंही शक्य आहे. यान बांधायचं तर वस्तू हाताळणारा अवयव हवाच. तो हत्तीच्या सोंडेसारखा असेल, चिमट्यासारखा असेल. आणखी एक अट बहुधा टाळता येत नाही. धातू वितळवायला आग लागते आणि पाण्याखाली चूल पेटत नाही. ऑक्टोपस कितीही हुशार झाला तरी त्याचा लोहार होणार नाही. यान घेऊन येणारा जीव जमिनीवर राहणारा असावा असा अंदाज म्हणूनच करता येतो. यापुढे मात्र चेहरा, नाक, केस, स्त्री-पुरुष, ओठांवरचं हसू यातलं काहीही गृहीत धरायला आधार नाही.

लेखकांना हे कळत नव्हतं असं नाही. एच. जी. वेल्सने १८९८ मध्येच मंगळावरून सोंडांचे, मोठ्या डोक्याचे जीव आणले. फ्रेड हॉइल हा खगोलशास्त्रज्ञ. जयंत नारळीकरांचा केंब्रिजमधला गुरू. त्याने १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत परग्रहवासी म्हणून चक्क वायूचा एक विचार करणारा ढग उभा केला. पोलंडच्या स्तानिस्वाव लेमने १९६१ मध्ये एक अख्खा समुद्रच बुद्धिमान केला. नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली आणि ती पहिली आली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला विज्ञान चोख असण्याची सवय लागली. तरीही मानवी रूपाचा पाहुणा कथांमधून जात नाही, कारण त्याचं काम वेगळं आहे. 'पीके'मधला पाहुणा जीवशास्त्र शिकवायला आलेला नाही. आपल्या देवाधर्माच्या व्यवहाराकडे बाहेरून पाहणारा एक भोळा डोळा लेखकाला हवा होता. तिथे त्याचा चेहरा आमिर खानचा असणंच योग्य. कथेतला पाहुणा जर खरंच परका म्हणून समोर आणायचा असेल, तर मात्र त्याला माणसाचा चेहरा देणं हा आळस आहे.

एक पळवाट शिल्लक राहते, आणि विज्ञानकथाकार ती हमखास वापरतात: आपण आणि ते एकाच बीजाचे. 'स्टार ट्रेक'च्या लेखकांनी १९९३ च्या एका भागात हेच केलं. प्राचीन मानवसदृश जमातीने अनेक ग्रहांवर आपलं बीज पेरलं होतं असं सांगून सगळ्या रबरी कपाळांचा खुलासा करून टाकला. जीवसृष्टीचं बी अंतराळातून आलं असेल ही कल्पना शास्त्रातही आहे, आणि हॉइल, चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर नारळीकरांनीही तिचा पाठपुरावा केला. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून एक अवाढव्य फुगा सोडण्यात आला. त्याच्याखाली ४५९ किलोचं उपकरण होतं. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्याने निर्जंतुक नळकांड्यांत गोळा केली आणि पॅराशूटने ती खाली आणली. त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू नवे निघाले: हॉइलच्या नावाचा जॅनिबॅक्टर होयली, इस्रोच्या नावाचा बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाचा तिसरा. २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटलं की यावरून ते परग्रहावरून आले असं ठामपणे सिद्ध होत नाही.

समजा, उद्या सिद्ध झालं. तरी पाहुण्याच्या रूपाला त्याचा काडीचा उपयोग नाही. इथेच पाहा: एकाच आदिबीजातून बाभळीचं झाड झालं, अळंबी झाली, देवणी गाय झाली आणि ती राखणारा झाला. बीज एक असलं तरी आकार ज्याच्या त्याच्या वाटेने ठरतो.

हैदराबादहून उडालेले हे फुगे वाऱ्याबरोबर मराठवाड्यावरही येतात. उड्डाणांच्या आधी संस्था जी जाहीर सूचना काढते, त्यात उपकरणं जिथे उतरू शकतात अशा जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आणि लातूर ही नावं असतात. डिसेंबर २०२२ मध्ये याच केंद्रातून सोडलेली एका परदेशी कंपनीची कुपी विकाराबाद जिल्ह्यातल्या शेतात उतरली, तेव्हा परग्रहावरचं यान आलं म्हणून गावंच्या गावं बघायला लोटली होती. तुमच्या शेतात रंगीत पॅराशूटला बांधलेलं खोकं सापडलं तर ते उघडू नका, त्यातल्या काही उपकरणांत विजेचा मोठा दाब असू शकतो. खोक्यावर पत्ता असतो. पोलीस ठाण्याला किंवा पोस्टात कळवा. न छेडता कळवणाऱ्याला संस्था बक्षीसही देते.